सभेला न आलेले पालक

दक्षिण नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावीचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेचं पत्र आहे. वर्गात ४१ मुलं. पहिल्या सत्राचा निकाल लागायच्या आधी त्यांनी शनिवारी सकाळी अकराला पालकसभा ठेवली. आठवडाभर आधी मुलांच्या डायरीत सूचना लिहून दिली, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनदा आठवण केली. आले ९ जण, ८ आया आणि एक आजोबा. एका घरून मोठी बहीण आली होती, पण ‘पालकांनाच पाठव’ म्हणून बाईंनी तिला परत धाडलं. संध्याकाळी वैतागून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘ज्यांना आपल्या मुलांसाठी एक तास काढता येत नाही, त्यांनी नंतर निकालाबद्दल विचारायला येऊ नये.’ एक आई त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडली. तिची मुलगी एरवी सारखा हात वर करणारी, आता ती बाईंकडे बघतही नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांचा नाद सोडा आणि शिकवण्याकडे लक्ष द्या. सहकारी म्हणतात, पालक आल्याशिवाय प्रगतीपत्रक देऊच नका, मग बघा कसे धावत येतात. बाईंचा प्रश्न असा: यातलं काय करू? आणि ज्यांना काळजीच नाही, त्यांच्यासाठी मी एवढा जीव का काढायचा?

मॅडम,

पालकांचा नाद ज्याला खरंच सोडायचा असतो, तो एवढं लांबलचक पत्र लिहीत बसत नाही. तेव्हा मुख्याध्यापकांचा सल्ला तुम्ही मनातून कधीच बाजूला ठेवलाय, असं धरून चालते. सहकाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल मात्र बोलायला हवं. तो बऱ्याच शाळांत सर्रास चालतो आणि तुमचंही मन थोडं तिकडे झुकलेलं दिसतंय.

प्रगतीपत्रक अडवलं की पालक येतात, हे खरं आहे. काही येतात. जे येत नाहीत त्यांच्या लेकराचं काय होतं, तेवढं बघा. सगळ्यांच्या हातात पत्रक आणि हा एकटा रिकाम्या हाताने बाकावर बसलेला. आईला कामावरून सुट्टी मिळाली नाही, याची शिक्षा अकरा वर्षांच्या पोराला. तो घरी जाऊन आईशी भांडणार. मग दोन-तीन दिवसांनी आई येईलही, पण अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, चिडून, खालमानेनं. तशा माणसाशी तुम्ही अभ्यासाचं काय बोलणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारण्याबरोबर त्याच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे. पत्रक अडवणं त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालत बसतील, त्या पोराला मात्र ते कलम न वाचताही कळतं. हे करू नका. माझ्या उत्तरातली ही एकच गोष्ट मी हट्टानं सांगते. बाकीचं सगळं तुमच्या शाळेच्या रीतीप्रमाणे कमी-जास्त करायला मोकळीक आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्याच पानांवरची आणखी एक गोष्ट. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १० ने पालकांवर टाकलेलं कर्तव्य म्हणजे मुलाला शाळेत दाखल करणं. पालकांच्या नियमित सभा घेणं, मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगणं, हे मात्र कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांच्या यादीत आहे. म्हणजे घरापर्यंत बातमी पोचवायचं काम कायद्यानं तुमच्याकडे दिलंय. जे ३२ जण आले नाहीत त्यांनी कुठला नियम मोडला नाही, आणि ते आले नाहीत म्हणून तुमचं काम उरकलं असंही होत नाही. ऐकायला कडू आहे, पण रागाची दिशा ठरवायला हे उपयोगी पडतं.

आता तो शब्द, काळजी. तुमच्या पत्रात तो पुन्हा पुन्हा येतो. आणि त्याच पत्रात तुम्ही वर्गातल्या घरांचं वर्णनही केलंय. कुणाचे वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीनं जातात, दोघा-तिघांचे बुटीबोरीला. बऱ्याच आया धुणंभांडं, स्वयंपाक करतात. काही जोडपी सकाळी ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचं काम मिळतं त्या नाक्यावर, उभी असतात. एक बाप पहाटे कॉटन मार्केटातून भाजी उचलतो आणि दिवसभर हातगाडी फिरवतो. आता ही माणसं शनिवारी अकराला कुठे असतात ते बघा. ठिय्यावरच्याला काम मिळालं असेल तर तो कधीच साइटवर पोचला. नसेल मिळालं तर त्या दिवसाचा रोज बुडालाय, तो सभेला येण्याच्या मनःस्थितीत नाही. धुणंभांडं करणारी बाई अकराला तिसऱ्या नाहीतर चौथ्या घरी असते, आणि शनिवारी तिच्या मालकिणीही घरी असतात, म्हणजे काम उलट जास्त. पहिल्या पाळीचा कामगार मशीनवर, रात्रपाळीचा अंथरुणात. उरले कोण? तुमच्या सभेत बसलेले ते ९ जण.

शनिवारी अकराच का, हे तुम्हाला-मला दोघींना ठाऊक आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, अकराच्या सुमारास मुलं सुटतात, सभा उरकून दुपारच्या जेवणाला घरी पोचता येतं. त्यात गैर काही नाही, शिक्षकालाही घरदार आहे. पण वेळ शाळेच्या सोयीची ठेवायची आणि जो आला नाही त्याला आपल्या लेकराची काळजी नाही म्हणायचं, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

आणि हेच पालक शाळेत येतातही. तुमच्या शाळेतल्या खालच्या वर्गांचा तान्हा पोळा आठवा. लेकराला धोतर नेसवून, फेटा बांधून, लाकडी नंदीला बेगड-झुली लावून हीच माणसं गेटवर गर्दी करतात. कुणी दिवसाचा खाडा करून येतं, कुणी सायकलवर नंदी बांधून. त्या दिवशी त्यांना ‘अनिवार्य’ म्हणून कुणी बजावलेलं नसतं. पोरगं सजलेलं असतं, बघायला काहीतरी असतं आणि तिथे कुणी आपल्याला बोलणार नाही, याची खात्री असते. पालकसभेत यातलं काय असतं?

घरकाम करणाऱ्या एका आईनं मला एकदा सरळच सांगितलं होतं, “सुट्टी मारली तं पैसे कापते मालकीण. अन् तिथं जाऊन आयकाचं काय? का पोरगं लक्ष देत नाही. थे तं मले घरीच मालूम हाय.” पालकसभेवर याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही. आपल्याकडच्या बहुतेक सभा अशाच होतात. मोठी माणसं अकरा वर्षांच्या मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून बसतात. आधी शिस्तीवर भाषण, मग गणवेश, मग एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांदेखत ‘याचं अक्षर सुधारा’, ‘हिला घरी बसवून घ्या’. ज्यांची मुलं हुशार त्यांना तिथे यायला आवडतं. ज्यांच्या मुलांसाठी सभा खरी हवी, त्यांना आधीच माहीत असतं की आज चार लोकांत आपली शोभा होणार. त्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः सातवी-आठवीत शाळा सोडलेली असते. वर्ग ही त्यांच्या लेखी मान खाली घालून उभं राहायची जागा. तिथे पुन्हा, या वयात, लेकराच्या निमित्तानं कोण जाईल?

तुम्ही सूचनेचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, शनिवार रोजी सकाळी ठीक ११ वाजता पालकसभेचे आयोजन करण्यात आले आहे. उपस्थिती अनिवार्य.’ कशासाठी यायचं, किती वेळ लागेल, आईच हवी की आजी चालेल, जमलं नाही तर काय, यातलं काहीच त्यात नाही. भाषा पोलीस ठाण्याच्या समन्सची. त्यातून तुमच्या वर्गात बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडकडून कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत. घरी हिंदी नाहीतर छत्तीसगढी बोलणाऱ्यांना ‘आयोजन करण्यात आले आहे’ वाचून कोण दाखवणार? तेच पोरगं. आणि सभेत आपली तक्रार होणार हे माहीत असलेलं पोरगं सूचना किती इमानानं वाचून दाखवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ग्रुपवरच्या आठवणीचंही तसंच. जरा तपासून बघा, ग्रुपमधले किती नंबर वडिलांचे आहेत. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर वडिलांचा नंबर लिहिला जातो. तो मोबाइल सकाळी वडिलांच्या खिशातून बुटीबोरीला जातो आणि रात्री नऊला चार्जिंगला लागतो. आईनं तुमचा निरोप पाहिलेलाच नसतो. वर्गातल्या प्रत्येक मुलामागे घरातल्या दोन माणसांचे नंबर, आणि त्यातलं मुलाच्या शाळेचं खरं कोण बघतं, एवढं एका वहीत लिहून काढलंत तरी निम्मा गुंता सुटेल. तिथे ‘पालक’ म्हणजे आई-बाबाच असा हट्ट धरू नका. कुठे आजी असेल, कुठे मावशी. ज्या बहिणीला तुम्ही परत धाडलंत, त्या घरात डायरीवर सही करणारी, सकाळी वेणी घालून देणारी, पाढे म्हणून घेणारी तीच असण्याची शक्यता जास्त आहे. पुढच्या वेळी तिला बसवून घ्या.

मग पालकांनी काय केलं म्हणजे ते शाळेत ‘सहभागी’ झाले? २००३ मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्यासाठी एक मोठा आढावा झाला होता. जुने अनेक अभ्यास एकत्र वाचून त्यांनी पाहिलं की पालकांच्या कोणत्या गोष्टीचा मुलाच्या शिकण्याशी संबंध लागतो. पालक शाळेत किती वेळा येतात यापेक्षा घरी मुलाशी काय बोलतात, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवतात, याचं वजन जास्त निघालं. देश वेगळा, काळही वेगळा, हे मान्य. पण आपल्याकडे उलटं मोजलं जातं. सभेच्या रजिस्टरमधली सही दिसते. पहाटे पाचला नळाला पाणी आल्यापासून डबा, गणवेश, ऑटोचे पैसे याच्यामागे धावणारी बाई दिसत नाही, कारण तिच्यासाठी रजिस्टरला रकाना नाही.

पालकांना सगळं माफ, असं मी म्हणत नाहीये. ‘शाळेत टाकलं, शिकवणी लावली, पैसे भरले, आता आपलं काम संपलं’ असं मानणारी घरं भरपूर आहेत, आणि त्यात चांगल्या पगाराची माणसं कमी नाहीत. हे सदर वाचणाऱ्या आईबापांनाही सांगते. तुम्हाला सहावीचं गणित येत नसेल तर काही बिघडत नाही, मुलाजवळ बसून ते सोडवून द्यायचं कामही तुमचं नाही. रोज दहा मिनिटं त्याला मराठीच्या पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचायला सांगा आणि ऐका. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी अडखळणं कानाला कळतं. ‘आज काय शिकवलं?’ याला पोरं ‘काही नाही’ म्हणतात. ‘आज वर्गात कोणाला काय येत नव्हतं?’ विचारा, गाडी सुरू होईल. रात्री झोपायची वेळ आणि मोबाइल, एवढं घरानं सांभाळावं. आणि घरात काही घडलं, आजारपण, भांडण, गावाला जाणं, तर बाईंच्या कानावर घालावं. याहून जास्त मागणाऱ्या शाळेला खुशाल विचारावं, की मग तुम्ही काय करता?

(थर्माकोलच्या प्रकल्पांबद्दल तर न बोललेलंच बरं. मुलाच्या नावावर आई रात्री जागून ज्वालामुखी करते, किंवा स्टेशनरीच्या दुकानातून तयार विकत आणते. याला कुटुंबाचा सहभाग म्हणत असाल तर तो तेवढा कमी करा.)

आता तुमच्या कामाकडे. आधी त्या आईचं. तिला पुन्हा ग्रुपमध्ये घ्यायची घाई नको आणि मुलीच्या हाती निरोप तर मुळीच नको. तिला फोन करा, तिच्या कामाच्या वेळा टाळून. बोलणं दोन मिनिटांचं असू द्या. “ताई, मी ग्रुपवर जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तुमच्या मुलीचं वर्गात चांगलं चाललंय, तेवढं सांगायला फोन केला.” त्याच्यापुढे ‘पण’ लावू नका. ‘पण तुम्हीही यायला हवं होतं’ म्हटलं की फोन करून काही उपयोग झाला नाही. ग्रुपवरही दोन ओळी टाका की शनिवारचा मजकूर रागात लिहिला होता, तो मी मागे घेते, आणि सगळ्यांना जमेल अशी वेळ विचारते आहे. शिक्षकानं माफी मागितली की पालक डोक्यावर बसतात, असं स्टाफरूममध्ये ऐकवतील. बसत नाहीत. मुलीचं म्हणाल तर तिला वेगळं काही समजावू नका. तिला येत असलेला प्रश्न तिला विचारा आणि चार दिवस वाट बघा.

त्यानंतर वर्गाचं. ४१ घरं एकदम घेऊ नका. शिकवणं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, यातून शिक्षकाच्या हाती किती वेळ उरतो हे मला माहीत आहे. आठवड्याला चार-पाच फोन, प्रत्येकी पाच मिनिटं, एवढंच ठरवा. आणि पहिला फोन कधीही तक्रारीचा नसावा. आपल्याकडे शाळेचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो, कारण त्या नंबरावरून आजवर चांगली बातमी आलेलीच नाही. ‘काल तुमच्या मुलानं फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करून दाखवली’, इतकी छोटी आणि खरी गोष्ट सांगा. मोघम ‘हुशार आहे’ म्हणू नका, त्याला काही किंमत नसते. मग एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडेच आहे. घरी कशात रमतो? कशाला घाबरतो? शाळेबद्दल काय बोलतो? आणि ऐका, वहीत लिहा. मला विचाराल तर साऱ्याची मेख इथे आहे. आजवर आपण पालकांना ऐकायला बोलावलं, त्यांना काही विचारलंच नाही. ज्या मुलाला तुम्ही वर्गात झोपाळू समजता तो पहाटे बापाबरोबर कॉटन मार्केटला जातो, हे एका फोनमध्ये कळतं. सभेत ते कळायला वर्ष गेलं असतं, कारण सभेत त्याच्या बापाला बोलायची वेळच आली नसती.

हे खरं जूनमध्ये करायचं काम. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हा सुरुवात केली तर पोळ्याच्या आसपास सगळी घरं होऊन जातात, आणि तोवर कुणाबद्दल तक्रार साठलेली नसते. यंदा ते हुकलं, तर दिवाळीनंतर उघडल्या उघडल्या सुरू करा.

सभा बंद करायची गरज नाही. वेळ ठरवण्याआधी तीन पर्याय देऊन विचारा, एक संध्याकाळचा, एक रविवार सकाळचा, एक शाळा सुटतानाचा. जिथे मुलं जास्त एकाच वस्तीतली आहेत, तिथे सत्रात एकदा तुम्हीच जा. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांना दोष देण्याऐवजी शाळाच अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. तुम्हाला शाळा न्यायची नाही, एक तास न्यायचा आहे. समाजमंदिर, बुद्धविहार, कुणाचं मोठं अंगण, संध्याकाळी साडेसातनंतर. एखाद्या सहकाऱ्याला बरोबर घ्या. एकेका घरात जाऊन बसण्यापेक्षा हे बरं. घरी गेलात की त्या बाईचा जीव खुर्चीत आणि चहात अडकतो, ती आधी पोराला दुधाच्या पाकिटाला पिटाळते आणि मग बोलायला बसते. तरीही चहा पुढे आलाच तर घ्या, नाही म्हणून तिला ओशाळं करू नका. मार्च-एप्रिलमध्ये मात्र नागपुरात दुपारची सभा ठेवायचा विचारही नको.

त्या तासात भाषण नको. प्रत्येक मुलानं आपली वही घेऊन आपल्याच माणसाजवळ बसावं आणि दोन पानं दाखवावीत, एक चांगलं झालेलं, एक अडलेलं. तुम्ही फिरत राहा. श्रेण्यांचं म्हणाल तर ‘क-१’ म्हणजे काय हे अनेक पालकांना कळत नाही, आणि लाजेपोटी ते विचारतही नाहीत. त्यापेक्षा कळतं ते वाचन. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून खेड्यापाड्यांत ‘असर’ नावाची पाहणी करते. त्यात मुलासमोर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट ठेवतात आणि ते कुठवर वाचतं ते पाहतात. सहावीतही त्या गोष्टीवर अडखळणारी मुलं तुमच्या वर्गात असतीलच. त्यांच्या पालकांना हे एकटं गाठून, मुलाच्या पाठीवर हात ठेवून दाखवा. चारचौघांत नव्हे. आणि दाखवलंत तर लगेच सांगा की पुढच्या दोन महिन्यांत शाळा काय करणार आणि घरानं काय करायचं. नुसतं दुखणं दाखवून परत पाठवू नका.

निरोपांची भाषा बदला. लिहिण्यापेक्षा आवाजातला निरोप पाठवा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. “नमस्कार, मी सहावीची वर्गशिक्षिका बोलते. येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला समाजमंदिरात भेटू. पाऊण तास लागेल. आई, बाबा, आजी, मोठी बहीण, कुणीही या. मुलं आपल्या वह्या दाखवणार आहेत. नाही जमलं तर मला सांगा, मी फोन करीन.” इतकंच. ग्रुपवर कुणाच्याही मुलाचं नाव घेऊन काही लिहायचं नाही, कौतुकसुद्धा बेतानं.

शाळा व्यवस्थापन समितीला विसरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढंही होत नाही, शिपाईकाका रजिस्टर घेऊन सह्या गोळा करतात. सभेची वेळ काय असावी, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवा. समितीनं सुचवलेल्या वेळेला मुख्याध्यापकांना नाही म्हणणं जड जातं, हाही त्यातला फायदा.

एवढं करून काही घरं हाताला लागणार नाहीत. दारू असेल, मारहाण असेल, धाकट्याला सांभाळायला मुलीला घरी ठेवत असतील. अशा वेळी पालकांचा सहभाग वाढवायच्या नादात मुलाला आणखी अडचणीत टाकू नका. वळ दिसले, मूल घरी जायला घाबरलं, तर आधी मुख्याध्यापकांना लेखी कळवा, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लक्षात ठेवा. तिथे पालकांना बोलावून समज देणं धोक्याचं ठरू शकतं, कारण त्या समजेचा हिशेब रात्री मुलाच्या पाठीवर होतो.

आणि पुढच्या वेळी १५ जणच आले तर? येऊ शकतात १५च. सभा वेळेवर सुरू करा, आलेल्यांना न आलेल्यांचं ऐकवू नका, पाऊण तास म्हटलं असेल तर पाऊण तासात सोडा. जे आले नाहीत त्यांच्यापैकी चार-पाच जणांना त्या आठवड्यात फोन करायचे आहेतच, वहीत नावं आहेत. प्रगतीपत्रकं मात्र ठरलेल्या दिवशी सगळ्या ४१ मुलांच्या हाती द्या.